पेटीमास्तरांना जाहीर पत्र

मास्तर,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "जा गा, चहा सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. नाव घालत नाही. बेळगावच्या खानापूर तालुक्यात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

यात्रेच्या नाटकाला चाली बसवायला तुम्हाला बोलावलं, तेव्हा माझी अट एकच होती: कुठंही ऐकलेली चाल नको, सगळं नवंकोरं पाहिजे. तुम्ही ऐकून घेतलंत, भाता सोडलात आणि साकी वाजवलीत. पाठोपाठ दिंडी. दोन्ही जुन्या, ओळखीच्या चाली. मग तुमच्या वडिलांच्या भजनातली एक चाल, जिच्यात मधेच कानडी हेल येतो.

"आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर," तुम्ही म्हणालात. "१८८० साली 'शाकुंतल' उभं केलं. गोष्ट कालिदासाची. चाली साकी-दिंडीच्या, लावणीच्या, काही कानडी. मग त्यात अण्णासाहेबांचं काय होतं, सांग बघू?" मला सांगता आलं नाही. अजूनही नीट येत नाही. पण त्यानंतर मराठी रंगभूमी पहिल्यासारखी राहिली नाही, एवढं खरं.

मग तुमचे लाडके, सुळेभावीचे कुमार गंधर्व. लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचे. पुढं क्षयानं गाणं बंद पडलं आणि देवासला अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर येत राहिली. ती काय नवी होती? पिढ्यान्‌पिढ्यांची. पण त्यातून कुमारांचं जे गाणं उभं राहिलं, ते दुसऱ्या कुणाचं वाटत नाही. (कुमारांचं नाव काढून वाद मिटवायचा हा तुमचा डाव आहे, असं तबलजी म्हणतो. असेलही.)

पण चालींपेक्षा मोठं काम तुम्ही संवादांत केलंत, आणि ते कुणाला ठाऊक नाही. सासर सोडताना नायिकेच्या तोंडी मी चार ओळींचं अलंकारिक वाक्य घातलं होतं. तुम्ही पेटी थांबवून विचारलंत, "तुझी आई असं बोलतीय काय गा?" आणि काम करणाऱ्या पोरीला म्हणालात, नळाला पाणी आल्यावर घरात सांगतीस तसं म्हण. ती म्हणाली, "मी जातो. भाकऱ्या झाकून ठेवल्यात." तेच वाक्य राहिलं.

पुढं एका स्पर्धेच्या परीक्षकांनी शेरा मारला: कथानक जुने, चाली ओळखीच्या, भाषा अशुद्ध. पहिल्या दोन गोष्टींबद्दल तक्रार नाही. तिसरीबद्दल त्यांनी आमच्या नळावर येऊन भांडावं. यात्रेतल्या प्रयोगानंतर सासूचं काम करणाऱ्या काकूंना आठवडाभर बाजारात बोलणी खावी लागली, हे मात्र त्या शेऱ्यात कुठं नव्हतं.

दिवाळीनंतर नव्या नाटकाच्या तालमी धरायच्या म्हणतोय. गोष्ट आजीकडून ऐकलेली आहे, म्हणजे जुनीच. पेटीवर तुम्हीच. आणि या खेपेला पाकीट घ्यायचं, परत माझ्या खिशात कोंबायचं नाही.

आपला,
नाटकवाला