ॲलर्जी म्हणजे दुबळी प्रतिकारशक्ती नव्हे

संपादक महोदय,

कुणाला ॲलर्जी झाली की ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असे सर्रास म्हटले जाते आणि ती ‘वाढवण्याचे’ उपाय सुचवले जातात. हा गैरसमज मला फार खटकतो. इथे यंत्रणा दुबळी नसते, ती निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजून बसते. परागकण किंवा एखादे औषध पहिल्यांदा शरीरात जाते तेव्हा बहुधा काहीच जाणवत नाही. पण आतल्या आत आयजीई नावाची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात आणि त्वचा, श्वसनमार्ग अशा ठिकाणी असलेल्या मास्ट या संरक्षक पेशींना चिकटून राहतात. पुढच्या खेपेला तोच पदार्थ आला, की या पेशी काही मिनिटांत हिस्टामाइन हे दाह निर्माण करणारे रसायन सोडतात. मग शिंका, खाज, अंगावर गांधी, सूज. ‘मागच्या वेळी तर काही झाले नव्हते!’ या आश्चर्याचे उत्तर इथेच आहे. १९०६ मध्ये ऑस्ट्रियन डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द दिला, तोही ‘बदललेली प्रतिक्रिया’ अशा अर्थाने.

श्वास कोंडू लागला, रक्तदाब घसरून भोवळ आली, तर मात्र ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीवर विसंबू नये. तेव्हा ताबडतोब ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, आणि त्यानंतरही रुग्णालय गाठावेच लागते.

– एक वाचक