बाग नऊला बंद, साखर बॉर्डरवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘साखर बॉर्डरला आहे, गोड जरा कमी करा’ एवढं ऐकून मी दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून घरी आले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ होतं, म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व टप्प्यात. चहातली साखर बंद केली, सोबतची खारी चालूच राहिली. ती कुठे गोड असते!

यंदा लॅबवाल्याने पॅकेजात एचएस-सीआरपी, ही शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, घातली. आकडा ४.६. तेव्हा माझी दाढ ठणकत होती, पण ते कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांनी महिन्याभराने पुन्हा करायला लावली, तरी ३.४ निघाली. तीनच्या वर म्हणजे जास्तच. ताप नाही, सूज नाही, मग दाह कसला? डॉक्टरांनी सरळ माझ्या पोटाच्या घेराकडे बोट दाखवलं. आतली चरबी नुसती साठून बसत नाही, दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत राहते. त्यांच्यामुळे यकृत सीआरपी बनवतं आणि पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात.

वजनकाटा मला जाड म्हणत नाही, म्हणून पटेना. पण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची जोडी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झळकली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!

हे कळल्याबरोबर नात्यातल्या ग्रुपवर ‘दाहनाशक’ चूर्णाची जाहिरात आली. नऊशे रुपये डबा. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहपूर्व टप्प्यातल्या लोकांना आठवड्याला १५० मिनिटं चालायला आणि वजन ७ टक्क्यांनी उतरवायला सांगितलं होतं. वर्षभरात त्यांचं सीआरपी पुरुषांत सुमारे ३३ आणि स्त्रियांत २९ टक्क्यांनी उतरलं; मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्या गटात ७ आणि १४. डबा मी घेतला नाही.

आता खरं गाऱ्हाणं. ही १५० मिनिटं चालायची कुठे? आमच्या प्रभागातली बाग सकाळी नऊला बंद होते, संध्याकाळी पाच ते आठ उघडी. सकाळी नऊपर्यंत माझे डबे होतात, रात्री आठला कुकर लागतो. जेवणं उरकून शतपावलीला निघावं तर फाटकाला कुलूप. फुटपाथवर दुचाक्या, वडापावची गाडी आणि तिच्याभोवती सहा कुत्री. मग आम्ही चौघीजणी सोसायटीच्या पार्किंगमध्येच गोल गोल फिरतो. ९२ फेऱ्या मोजल्या की अर्धा तास भरतो. वॉचमन आम्हाला प्रदक्षिणावाल्या म्हणतो.

पालिकेने बाग रात्री साडेदहापर्यंत उघडी ठेवावी. एक रखवालदार आणि मागच्या बाजूला दोन दिवे एवढंच लागेल. दिव्यांचे खांब तिथे आहेतच, बल्ब नाहीत.

आपली,
एक वाचक