सवलत दहावीला, शिकवणार कधी? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पाचवीची फेरपरीक्षा तोंडावर आली आहे. 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम आला. फेरपरीक्षेतही मूल नापास झाले तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे. या नापासांपैकी किती मुलांना विषय येत नाही आणि किती जणांना वाचन-अक्षमतेमुळे (डिस्लेक्सिया) फक्त प्रश्न वाचता येत नाही, हे निकालपत्रावरून कळत नाही.

एक उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आणा. प्रश्न असा: वनस्पती अन्न कसे तयार करतात? मुलाने लिहिले: 'झाड सुरय परकाशत पानत अन तयर करत.' उत्तर बरोबर आहे. काने गळले, जोडाक्षरे फुटली, एवढेच. तरी लाल शाईने अर्धे गुण गेले. हा विज्ञानाचा पेपर होता की शुद्धलेखनाचा?

'मराठी बोलतो तशीच लिहितो, मग अडते कुठे?' असे आम्हाला अधिकारीसुद्धा विचारतात. अडते ते असे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मात्र 'क'नंतर. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो, पण लिहिताना तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. हाच र 'प्रकाश'मध्ये एका रूपात, 'ट्रक'मध्ये दुसऱ्या आणि 'तऱ्हा'मध्ये तिसऱ्याच. 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच लिहितो, उच्चार मात्र दोन. 'अंक', 'अंत', 'अंबा' यांतला अनुस्वार तीन तऱ्हांनी वाजतो. त्यात घ-ध, भ-म ही दिसायला सारखी अक्षरे. बाकीची मुले हे सगळे नकळत उचलतात. वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला बोलण्यातले आवाज सुटे करणे आणि ते अक्षराशी जोडणे हेच जड जाते. हा डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचा नाही आणि आळस तर नाहीच. म्हणूनच 'दहा वेळा लिहून आण' हा उपाय फसतो. मूल दहा वेळा चित्र काढावे तसे अक्षर काढते, आवाज त्याच्याशी जोडला जातच नाही.

मग काय करायचे? चार-पाच मुलांचा गट आणि रोज चाळीस मिनिटे. सुरुवात पाटी-पेन्सिलीविना, फक्त तोंडी. 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरले? हे जमू लागले की दोन-चार अक्षरे आणि एकच काना घ्यायचा. अख्खी बाराखडी नको. बाराखडी मूल चालीवर घडाघडा म्हणते, पण सुटा 'कु' समोर ठेवला की पुन्हा 'क' पासून म्हणत तिथवर यावे लागते. शिकवलेल्या अक्षरांचेच शब्द वाचायला द्यायचे आणि तेच शब्द आवाज म्हणत म्हणत लिहून घ्यायचे. न शिकवलेल्या अक्षरांचे गोष्टीचे पुस्तक हातात दिले की मूल चित्र बघून अंदाज बांधते आणि आपण 'वाचायला लागला' म्हणून खूश होतो. जोडाक्षरांत आधी 'पक्का', 'कच्चा', 'किल्ला', आणि र ची रूपे सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी कालचे झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. इथेच सगळे बिघडते, कारण अभ्यासक्रम पुढे पळत असतो. मूल खरेच वाचते की पाठ म्हणते, हे तपासायला अर्थ नसलेले दहा शब्द द्या. 'कमळ' वाचणारे मूल 'मकळ'ला अडखळले, तर त्याने शब्द नुसता ओळखून ठेवला आहे.

यातले काहीही महागडे नाही. हवा आहे शिकवलेला शिक्षक आणि त्याचा वेळ. तोच वेळ निवडणूक, जनगणना आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता मान्य केली. कलम 16 ती लवकरात लवकर ओळखायला सांगते. कलम 17 दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करायला सांगते, आणि पहिले सर्वेक्षण कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे एप्रिल 2019 पर्यंत व्हायचे होते. त्यात वाचन-अक्षमता असलेली किती मुले सापडली? तालुकावार आकडा जाहीर करा. जगभरच्या अंदाजाप्रमाणे शाळकरी वयात 5 ते 15 टक्के मुलांना अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली अक्षमता असते. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन ते सहा.

महाराष्ट्राने 1996 मध्येच दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या, याचा अभिमान आम्हालाही आहे. पण आपली सगळी यंत्रणा तेव्हापासून अक्षमतेच्या प्रमाणपत्राभोवतीच फिरते आहे. कागद असेल तर मूल आहे, नाहीतर ते 'ढ' आहे. पालक नववीत धावपळ करून प्रमाणपत्र मिळवतात, तोवर शिकवण्याची सात वर्षे गेलेली असतात. दुसरीत मदत सुरू करायला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही.

सवलतीही नीट समजून घ्या. तासाला वीस मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. सावकाश वाचणाऱ्याला तो तास तारतो. ज्याला शब्दच फुटत नाही, तो मात्र तेवढा वेळ जास्त कागदाकडे बघत बसतो. त्याला प्रश्न वाचून दाखवणारा माणूस हवा. लेखनिक दिला तरी सांगून लिहवून घेणे हे वेगळे कसब आहे. वाक्य मनात धरायचे, थांबायचे, पुढचे सांगायचे. त्याचा सराव घटक चाचणीपासून हवा. लेखनिकाला दोन दिवस आधी भेटू द्यावे, असे केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले होते. परीक्षेच्या सकाळी अनोळखी माणूस शेजारी बसवला, की मूल येत असलेलेही गिळून टाकते. वाचनाचीच चाचणी असेल तेव्हा मात्र वाचून दाखवू नका, नाहीतर त्या चाचणीला अर्थ उरणार नाही. विज्ञान, परिसर, गणिताला दाखवा. शुद्धलेखनाचे गुण कापायचेच तर भाषेच्या पेपरात, तेही वेगळ्या रकान्यात.

साहेब, निदान या फेरपरीक्षेपुरता एक पानी आदेश काढा: वाचताना अडणाऱ्या मुलाला भाषा सोडून बाकी विषयांचा प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून दाखवावा, तोंडी उत्तर ग्राह्य धरावे आणि त्यासाठी प्रमाणपत्र मागू नये. याला निधी लागत नाही. आदेश परीक्षेआधी आठ दिवस शाळेत पोचला पाहिजे.

कळावे,
वाचन-अक्षमता असलेल्या मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक