शोभे, मशीन घेऊ ना?

ठाणे, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय शोभे,

व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करायला घेतलं होतं, पण तिथे तू अंगठा पाठवून मोकळी होतेस आणि ह्या विषयावर मला अंगठा नकोय, पूर्ण उत्तर हवंय, म्हणून मेल करतेय. तब्येती बऱ्या आहेत. माझं थायरॉइड आहे तिथेच आहे, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, अविचं पोट परत सुटलंय. झालं तब्येतीचं.

आमच्या मावशींना गेल्या आठवड्यात फरशी पुसता पुसता उठता येईना. बेडरूममध्ये पुसत होत्या, बराच वेळ आवाजच नाही म्हणून बघायला गेले तर एक हात पलंगावर टेकलेला आणि तशाच बसलेल्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, थांबा ताई, धरलाय जरा, आपोआप सुटतो. गुडघा गं. मला एकदम तुझी आई, काकू दिसल्या, तुमच्या दत्तवाडीच्या खोलीत भिंतीला धरून उठायच्या तशा. घरात हे कुणाला सांगणार आणि सांगून काय कळणार, तुला एवढं लिहिलं की पुढचं लिहावं लागत नाही.

तर मी रोबो घ्यायचं ठरवलंय. केर काढणारा आणि फरशी पुसणारा. दिवाळीचे सेल चालू आहेत, जिकडे बघावं तिकडे पन्नास टक्के, साठ टक्के, आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय. अवि म्हणाला आता जीएसटी कमी झालाय, स्वस्त मिळेल. मी शोधलं तर तसं काही नाही, २२ सप्टेंबरला २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते मोठे टीव्ही, एसी, डिशवॉशर; व्हॅक्यूम क्लीनर तर २०१८ च्या जुलैपासूनच १८ टक्क्यांत आहेत. म्हणजे जे काय स्वस्त आहे ते दुकानदाराच्या मर्जीने. आणि ती खोडलेली किंमत तर बघूच नये, त्या किमतीला ती वस्तू वर्षभरात कुणी विकलेली दिसत नाही. नो-कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यातही प्रोसेसिंग फी असते आणि व्याजावरचा जीएसटी आपल्याच बिलात येतो. तू बँकेत आहेस, तुला मी काय सांगणार, पण अविला हे तूच एकदा फोनवर सांग, माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो.

आता खरा घोळ ऐक. पंधरा-वीस हजारांपासून लाखापर्यंत मशीनं आहेत आणि प्रत्येकजण पास्कल पास्कल करतो. पाच हजार पास्कल, दहा हजार पास्कल, वीस हजार. हा ओढण्याचा दाब, तो जाड गालिच्यासाठी लागतो. अमेरिकेत २००२ साली रूंबा नावाचा पहिला रोबो आला तो फक्त केरच काढायचा, त्यांच्याकडे घरभर गालिचे. आपल्याकडे गुळगुळीत टाइल्स, धूळ, केस, कढीपत्त्याचं पान, ते कमी दाबाचं मशीनही उचलतं. आपलं अडतं ते पुसण्यावर. आणि पुसण्याबद्दल जाहिरातीत एक ओळ असते, बाकी सगळं पास्कल!

स्वस्तातल्या मशीनला मागे एक ओलं फडकं चिकटवलेलं असतं, ते नुसतं ओढत नेतं, त्याला दाब नाही, चहाचा सुकलेला डाग जिथे होता तिथेच. त्याच्यावरच्याला दोन गोल पॅड असतात, ते फिरतात आणि थोडे दाबूनही पुसतात. अजून वरच्याला रोलर, तो पुसता पुसता स्वतः धुतला जातो. इथपर्यंत आल्यावर मला वाटलं झालं, गोल पॅडवालं घेऊ, वीस-पंचवीस हजारांत बसतं. मग डोक्यात आलं, ते पॅड रोज काढून धुणार कोण? मावशी. मोरीत खाली बसून. केराची छोटी डबी रोज झाडणार कोण? मावशीच. म्हणजे फरशीवरून उठवायचं आणि मोरीत बसवायचं, ह्याला काय अर्थ आहे? म्हणून आता मी डॉकवाल्या मशीनवर आलेय, डॉक म्हणजे त्याची उभं राहायची जागा. ते आपलं आपण जागेवर जातं, पॅड गरम पाण्याने धुतं, गरम हवेने वाळवतं, केर एका पिशवीत ओढून घेतं, ती पिशवी महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची. चांगल्या पाण्याची टाकी वेगळी, घाण पाण्याची वेगळी. घाण पाणी मात्र रोज ओतायचं, नाहीतर आपल्या हवेत दोन दिवसांत वास मारतं. ती टाकी उभ्याने उचलून ओतता येते, खाली बसावं लागत नाही, आणि ते काम मी चिरंजीवांना लावणार आहे. त्याने मशीन यायच्या आधीच नाव ठेवलंय, पुसूअण्णा. मग अण्णांची घागर रिकामी करायची जबाबदारी भक्ताचीच.

हे असलं मशीन सेलमध्ये पंचेचाळीस हजाराच्या आसपास जातं. आणि इथे अविने कॅल्क्युलेटर काढला. मावशींना आपण केर-फरशीचे १५०० देतो, ४५,००० म्हणजे अडीच वर्षांचे पैसे, मग अडीच वर्षं मावशींना सुट्टी दिली तरच हिशोब जमतो. वाईट मनाने नाही म्हणाला, हिशोब म्हणून म्हणाला, पण माझं डोकं फिरलं. मी म्हटलं पैसे वाचवायला घेतच नाहीये. तिचा पगार एक रुपया कमी करायचा नाही. केर-फरशीऐवजी उभ्याने होणारी कामं, पंखे नाहीत, स्टुलावर चढणं नाही, ओटा, डस्टिंग, भाजी निवडणं टेबलावर बसून. मशीनने तिचं उकिडवं बसणं घ्यावं, तिचे पैसे नाही. तो म्हणाला मग हा खर्च कशासाठी? मी म्हटलं गुडघ्यासाठी. आपण गाडीचे टायर बदलतो तेव्हा विचारतोस का की ह्यातून परत किती येणार?

तू म्हणशील दांड्याचा मॉप का नाही देत. आहे गं, तो बादलीत गरागरा फिरवून पिळायचा. मावशी वापरतात. पण सासूबाई मागून येतात, कोपरे राहिले, पलंगाखाली राहिलं, हाताने पुसल्यासारखं होत नाही, की मावशी परत खाली. आता हे वाचून तुला काय आठवलं ते मला माहितेय. तुझ्या पहिल्या पगाराचा मॉप. तू काकूंसाठी लक्ष्मी रोडवरून घेतलास आणि एरंडवण्याच्या त्या बाईंनी दारातूनच परत पाठवला, दांड्याने आमच्याकडे चालणार नाही म्हणून. मी म्हटलं होतं आत्ता सायकल काढ, जाऊन बोलू. तू म्हणालीस चार घरं आहेत आईची, एक गेलं तर तुझ्या बोलण्यावर आम्ही जेवू का. आणि मग आपण किती दिवस बोललो नाही ते आठव, परीक्षेला शेजारी बसून खोडरबरसुद्धा मागितलं नाहीस. मी अजूनही म्हणते जायला हवं होतं. तू अजूनही म्हणणार नव्हतं जायचं. ठीक आहे, ते भांडण म्हातारपणासाठी ठेवू.

पण तुझं ते वाक्य आत्ता मला छळतंय, कारण मावशींनी तेच म्हटलं. मी मोठ्या उत्साहात त्यांना फोनवर मशीनचा व्हिडिओ दाखवला, पगार तोच राहील हेही सांगितलं. त्या हसल्या, बरं झालं म्हणाल्या, आणि मग फडकं पिळता पिळता म्हणाल्या, ताई तुम्ही कापणार नाही, पण सहाव्या मजल्यावरच्या बघायला येतील ना. ह्याच बिल्डिंगमध्ये सहा घरं आहेत त्यांची. आणि त्या बरोबर बोलल्या! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकीने एअर फ्रायर घेतला की आठवड्यात दहा येतात. रोबो आला की विचारणार, मग बाई बंद केली का? एकीने बंद केली की दुसरी करणार. मी एका घरातले गुडघे वाचवायला निघालेय आणि पाच घरातला पगार गेला तर? ह्याचंच मला कळत नाहीये शोभे. रात्री झोप लागत नाही, खरंच.

आणि ह्याला कुठे धरायला काही नाही. २००८ चा आपल्याकडे घरेलू कामगारांचा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण सोसायटीतल्या कुणाला मी तो दाखवून सांगू शकत नाही की मशीन आणलं म्हणून पगार कापू नका. काकू १९८० च्या पुण्यातल्या मोलकरणींच्या संपाचं सांगायच्या ते मला राहून राहून आठवतंय. कर्वे रोडच्या बाजूच्या बायकांनी कामं बंद केली, मग संघटना झाली, पगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस मागितला. तेव्हा बायका एकत्र होत्या, एका वस्तीतल्या. इथे मावशी दिव्याहून येतात, सहाव्या मजल्यावर काम करणाऱ्या दुसऱ्या बाई मुंब्र्याहून, लिफ्टमध्ये भेटल्या तर भेटल्या. काकूंना विचारशील? त्यांच्या वेळी असं मशीन आलं असतं तर त्यांना काय हवं होतं? मॉप घरी परत आला तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या ते तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

मला जे सुचतंय ते सांगते, हसू नकोस. ग्रुपवर फोटो टाकायचाच नाही असं अवि म्हणतो. मला उलट वाटतं, आपणच टाकावा आणि सोबत स्वच्छ लिहावं की मशीन घेतलं, मावशींचा पगार तोच आहे, काम बदललंय, काय काय बदललं ते हे. पहिल्या घराने जे केलं ते बाकीचे बघतात, तर मग पहिल्या घराने नीट करावं. कुणी चिडेल, चिडू दे. दिवाळीचा एक पगार बोनस देतो ना सगळे, तो तरी कायद्याने कुठे देतो, कुणीतरी आधी दिला म्हणून पद्धत पडली. हे बरोबर आहे की मी फार सोपं करून बघतेय? तू नीट सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

कॅमेऱ्याचंही एक आहे. काही मशीनांना पुढे कॅमेरा असतो, वायर, चपला ओळखायला. २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने छापलं होतं की चाचणीसाठी लोकांच्या घरात फिरणाऱ्या रोबोंनी काढलेले फोटो, त्यात एक बाई टॉयलेटमध्ये बसलेली, पुढे फोटो तपासणाऱ्या कामगारांकडून सोशल मीडियावर गेले. ती विक्रीची मशीनं नव्हती, चाचणीला घरच्यांची परवानगी होती, तरी. आमच्या घरात आम्ही चौघं परवानगी देऊ, मावशींचं काय, त्या पदर खोचून काम करत असतात. म्हणून कॅमेरा नको, वर फिरणारा लेझर असतो तो बास. त्याने उंची वाढते, दहा सेंटिमीटरच्या आसपास जाते, मी पट्टी घेऊन सगळ्या पलंगांखाली मोजून आले, दिवाण सोडला तर सगळीकडे जाईल. मोरीचा उंबरा दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे, तिथे चढणार नाही, न चढलेलाच बरा. सासूबाईंच्या खोलीतल्या काळ्या सतरंजीचं मात्र सांगता येत नाही, खालच्या सेन्सरला काळा रंग खड्डा वाटतो म्हणे आणि कडेला येऊन ते थांबतं. आणि टाकीत फिनेल घालायचं नाही, ह्यावर सासूबाई दोन दिवस रुसल्यात, वास आला नाही म्हणजे पुसलंच नाही असं त्यांचं मत. दारातल्या रांगोळीभोवती फोनवरून रेघ मारून ठेवता येते, तिथे ते जात नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी मशीनला पास केलंय.

आमच्या पिनकोडला सर्व्हिस सेंटर आहे का आणि ब्रश-पिशव्या सुट्ट्या मिळतात का एवढं बघायचं राहिलंय, ज्याचं मिळेल तेच घेणार, पास्कल कमी असले तरी चालतील.

तुझी बदली कोल्हापुरातच राहिली ना? पिल्लूच्या नीट परीक्षेचं काय ठरलं, परत देणार का? भाऊजींना नमस्कार, आणि त्यांना सांग तांबडा मसाला संपलाय, कुरियर करा, पैसे देणार नाही.

सेल धनत्रयोदशीपर्यंत तरी आहे, १८ तारखेला. त्याआधी काकूंशी बोल. त्यांना स्पीकरवर घे आणि रविवारी दुपारी फोन कर, मावशीही त्या दिवशी उशिरा येतात, चालेल म्हणाल्या तर त्यांनाही बसवते, दोघींना बोलू दे आधी. आपण दोघी नंतर भांडू.

तुझी,
मीनू