स्वयंसेवकांची दरवर्षी परीक्षा घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की पांडवकडा धबधब्याला बंदी, बंदोबस्त, स्वयंसेवक नेमणार, अशा बातम्या आपल्या पेपरात येतातच, त्यातल्या 'स्वयंसेवक' शब्दावरून लिहितोय. मी खारघरचा, पण मधली काही वर्षं नोकरीमुळे अमेरिकेत व्हरमाँटला होतो आणि तिथे हौसेने स्की पॅट्रोलमध्ये शिरलो. म्हणजे बर्फाच्या उतारावर कोणी पडलं की प्रथमोपचार करून त्याला खाली आणायचं, पगार शून्य. (आईला वाटलं पेट्रोल पंपावर लागलो!)

मला वाटलेलं लाल जॅकेट देतील आणि उभं करतील. कसलं काय! आधी शंभरेक तासांचा प्रथमोपचाराचा कोर्स, ऑफिस सुटल्यावर, वर लेखी आणि प्रॅक्टिकल. मांडीचं हाड मोडल्याचं नाटक करत कोणीतरी बर्फात ओरडत पडलेला आणि आपण बधिर बोटांनी स्प्लिंटचे, म्हणजे मोडलेलं हाड हलू नये म्हणून बांधायच्या आधाराचे, पट्टे आवळतोय. मग टोबॉगन, म्हणजे पेशंटला झोपवून न्यायची घसरगाडी, पुढचे दोन दांडे आपल्या हातात, मागे दुसरा दोरी धरून. आधी रिकामी नेली, मग इन्स्ट्रक्टर स्वतः आत झोपला आणि म्हणाला, चल ने मला. एवढ्या थंडीत घाम फुटला हो. डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद पडली की तिच्या अधांतरी खुर्चीतून माणसं दोरीने उतरवायची ते वेगळंच.

तिकडे हे सुरू झालं तेही अपघातातूनच. १९३६ मध्ये मायनॉट डोल नावाच्या माणसाचा स्की करताना घोटा मोडला तेव्हा मित्रांनी त्याला छपराच्या पत्र्यावर घालून ओढत आणलं, त्याच वर्षी त्याचा एक मित्र स्कीच्या शर्यतीत अपघाताने मेला, आणि १९३८ ला नॅशनल स्की पॅट्रोल उभं राहिलं.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. दरवर्षी बर्फ पडायच्या आधी सगळ्यांचा रिफ्रेशर, तीस वर्षं केलेला असो की डॉक्टर असो, सीपीआरसकट (हृदय बंद पडलं तर छाती दाबायची ती पद्धत) सगळं परत करून दाखवायचं, नाहीतर ड्युटी नाही.

आणि आपल्याकडे? गेल्या पावसाळ्यात खारघर हिलवर एक काका शेवाळावरून घसरले, चौघांनी काखेत हात घालून लगेच उभं करायला घेतलं, मी ओरडतोय मान हलवू नका. त्यातल्या एकाने शिबिर केलेलं, सर्टिफिकेट मोबाइलमध्ये होतं. त्याला दोष नाही देत, कधीतरी एका दुपारी डमी दोनदा दाबून फोटो काढलेला, आठवणार काय? इर्शाळवाडीला २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा रात्री पावसात चढून गेलेल्यांत ट्रेकिंगवाली पोरं होती, त्यांचा हात बसलेला असतो कारण ती बाराही महिने डोंगरात असतात. बाकीच्यांचं काय?

मे महिन्यात एक रविवार तरी हिलवरच रिफ्रेशर ठेवा, स्ट्रेचरवर खरा माणूस घालून, आणि ज्याला जमणार नाही त्याला त्या वर्षी शिट्टी देऊ नका. शिकवायला मी येतो, फुकट. फक्त आधी माझी परीक्षा घ्या, माझा शेवटचा रिफ्रेशर होऊन तीन वर्षं झालीयत.

– एक वाचक, खारघर, नवी मुंबई