20 गुंठे घरच्या भाकरीला ठेवा

मा. संपादक,

मराठवाड्यात या बांधापासून त्या बांधापर्यंत सोयाबीन, आणि घरात विकतची डाळ अन् रेशनचा गहू-तांदूळ, हे चित्र आता गावोगाव आहे. ऑगस्टात पावसाने ताण दिला किंवा काढणीच्या वेळी झोडपले की पीकही जाते आणि डाळीचा पैसाही. निदान 20 गुंठे रान घरखाण्याला राखावे, ही कळकळीची विनंती.

त्यात आधी मूग, मागून शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. मृगाच्या ओलीवर, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, 3 किलो मूग पेरावा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीएम 2003-2 हा वाण चांगला. 65-70 दिवसांत रान मोकळे होते. सोयाबीन शंभर दिवस रान अडवते, तोवर ओल उडते. म्हणून त्यामागे कोरडवाहू शाळू सहसा नीट साधत नाही. पाऊस लांबला तर मुगाचा हट्ट नको, पानांवर भुरी रोग येतो. शेंगा काळ्या पडतील तशा तोडाव्यात. सगळ्या एकदम काढू म्हणून थांबले की झडीत शेंगेतच मोड फुटतात.

शाळूची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. त्याआधी पेरला तर खोडमाशी पोंगा (मधला कोंब) मारते, उशीर झाला तर दाणा भरताना ओल संपते. बियाणे 2 किलो, किलोला 4 ग्रॅम गंधक चोळलेले, नाहीतर काणी रोग येतो. भारी जमिनीत परभणी मोती, मध्यम जमिनीत मालदांडी हे वाण. हलक्या रानात शाळूच्या नादी न लागता जूनमध्येच एएचबी 1200 ही जास्त लोह असलेली बाजरी घ्यावी. बऱ्या वर्षी 3 क्विंटल शाळू होतो. रोज सव्वा किलो धरला तर पाच माणसांना आठ महिने पुरतो, शिवाय कडबा.

खरी अडचण पाखरांची. शिवारात एकट्याचाच शाळू असला की सारे थवे तिथेच उतरतात आणि राखणीला माणूस मिळत नाही. चार-पाच जणांनी लागून तुकडे धरले तर नुकसान वाटले जाते, राखणही पाळीने होते.

साठवणीत मूग जास्त नासतो. उन्हातला गरम मूग तसाच कोठीत भरला की आत घाम सुटून बुरशी धरते. रात्रभर पसरून निववावा, सकाळी भरावा. भुंग्याची अंडी शेतातूनच शेंगेवर येतात, म्हणून किलोमागे 5 मिली करडईचे तेल चोळावे किंवा डाळ करूनच ठेवावी.

कृषी विभागाने मे महिन्यातच मुगाच्या 3 किलोच्या आणि सप्टेंबरआधी शाळूच्या 2 किलोच्या पिशव्या बचत गटांमार्फत गावात पोचवाव्यात.

— शेती व पोषणाचे काम करणारे कार्यकर्ते, परभणी जिल्हा