ताई, त्या रात्रीच्या कॉलबद्दल थँक्यू

ताई,

परवा लंडनचं विमान आहे, बॅगा भरून झाल्यात, चटणीचा डबा तेवढा राहिलाय. फोनवर थँक्यू म्हटलं की तू "गप रे" म्हणून विषय बदलतेस, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

व्हिसा आल्यापासून घरात एकच विषय. आईला कुणीतरी रील पाठवलं, लंडनमध्ये इलेक्ट्रिक सायकलवरनं आलेलं पोरगं फुटपाथवरच्या बाईच्या हातातला मोबाईल ओढून पसार. झालं, मग तसलेच पंचवीस व्हिडिओ, आणि निम्मी शिवाजी पेठ घरी येऊन सांगून गेली की पोराला पाठवू नका. मीपण तिथल्या पोलिसांच्या साइटवरचा गुन्ह्यांचा नकाशा उघडला आणि आकडे बघून माझीच तंतरली.

तू म्हणालीस, अरे वेस्टमिन्स्टर म्हणजे लंडनचा मधला भाग, त्याचा आकडा मोठा दिसणारच, तिथं राहणारे किती आणि रोज फिरायला येणारे किती, नवरात्रात महाद्वार रोडला पाकीट मारतात म्हणून तिथं राहणारी माणसं घर सोडून गेलीत काय? हे डोक्यात बसलं बघ. शिवाय नकाशावरचा ठिपका अंदाजे असतो, नेमकं तेच घर नसतं, आणि चोरी, मारामारी, नुसता दंगा हे वेगळं करून, एका महिन्याचं नाही तर वर्षभराचं बघायचं, हेपण तूच शिकवलंस.

पण खरे उपकार त्या दोन खोल्यांचे. दोन्ही लंडनच्या ईस्ट हॅम भागात. एक स्वस्त, स्टेशनपासून आत, दुसरी हाय स्ट्रीट नॉर्थला लागून, जरा महाग. मी स्वस्तातली फायनल करत आलेलो, नकाशावर ती गल्ली एकदम साफ होती ना. तू ड्युटीवरनं सुटून रात्री साडेदहाला तिथं उतरलीस आणि व्हिडिओ कॉल केलास, इथं पहाटेचे चार, मी गच्चीवर शाल गुंडाळून. आधी उघडी दुकानं दाखवलीस, एका डोशाच्या हॉटेलात गर्दी होती. मग आत वळलीस आणि म्हणालीस, "आता फोन आतल्या खिशात ठेवते, असा हातात धरून फिरणं म्हणजेच आमंत्रण, तू नुसतं ऐक." पाच-सहा मिनिटं फक्त तुझे बूट वाजत होते. एक गाडी गेली. बाकी काही नाही, ना माणसाचा आवाज ना शटरचा. तू एक शब्द बोलली नाहीस, मीच म्हटलं, ताई, दुसरी घेतो.

आणि हो, आईला सोन्याचं तूच समजावलंस, चेन आणि अंगठी आता इथंच कपाटात. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे तिथल्या चोरांनापण माहीत आहे म्हटल्यावर ती गप्पच झाली. मोबाईलचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, वहीत लिहिलाय. पोलिसांना तातडीचा ९९९ कधी, बिनतातडीचा १०१ कधी, ट्रेनमध्ये रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज, सगळं बाबांनीच पाठ केलंय, जाणार मी आणि परीक्षा त्यांची.

एक राहिलंच. पापाच्या तिकटीवरनं तुझ्यासाठी पायताण घेतलंय, साईज काकूंना विचारून. त्या थंडीत ते कधी घालायचं ते तू बघ.